गाणं ऐकायची खोली कशी लावावी: खुर्चीपासून अँप्लिफायरपर्यंत

घरातली एक खोली केवळ गाणं ऐकण्यासाठी मोकळी मिळाली की पहिला मोह होतो तो उपकरणं घेण्याचा. तो मोह थोडे दिवस आवरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बऱ्यापैकी अँप्लिफायर घ्या किंवा अतिशय महागडा घ्या, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात दोघांच्या आवाजातला चढउतार एखाद्या डेसिबलच्या आतच असतो. तेच स्पीकर उघड्या भिंतींच्या खोलीत कसेही ठेवले, तर खर्जातला एखादा सूर खुर्चीवर १५ डेसिबलने फुगतो आणि त्याच्या शेजारचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. हे नुकसान कुठलीही केबल किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत बनवणारं उपकरण) भरून काढत नाही.

म्हणून इथे क्रम वेगळा लावला आहे. आधी खोली मोजायची, ती शांत करायची, मग बसायची जागा, मग स्पीकरची जागा, त्या जागेला शोभेल असा स्पीकर, त्यानंतर भिंतींची कामं. अँप्लिफायर, डॅक, टर्नटेबल त्याच्या मागून. आणि शेवटी माईक लावून तपासणी. उदाहरणासाठी लेखभर एकच खोली धरतो: लांबी ४.३ मीटर, रुंदी ३.४ मीटर, उंची २.८ मीटर, भिंती विटा-सिमेंटच्या, जमीन कडक फरशीची. तुमची मापं वेगळी असतील, गणित हेच राहील.

१. टेप घ्या आणि खोली मोजा

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनांच्या, सुराची लाट जेमतेम ३.४ सेंटिमीटर लांब असते, १०० हर्ट्झची ३.४ मीटर आणि २० हर्ट्झची तब्बल १७ मीटर. खोलीचे सगळे प्रश्न या तीन आकड्यांत आहेत. वरच्या सुरांच्या लाटा खोलीच्या मानाने इवल्याशा असतात. त्या किरणांसारख्या सरळ जातात आणि भिंतीवर आपटून परततात. खर्जाच्या लाटा मात्र खोलीएवढ्या किंवा खोलीपेक्षा मोठ्या असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अशी लाट बरोबर मावली की ती तिथे उभी राहते. त्या सुराला खोली स्वतःच साथ देऊ लागते.

कोणत्या सुरांना, हे काढायला १७२ या आकड्याला मीटरमधल्या मापाने भागा. आपल्या खोलीत लांबीचा पहिला अनुनाद ४० हर्ट्झवर येतो, पुढचे ८० आणि १२० वर. रुंदीचे ५१, १०१ आणि १५२. उंचीचे ६१ आणि १२३. कागदावर हे एका ओळीत मांडलं की दिसतं: लांबीचा १२० आणि उंचीचा १२३ एकमेकांना चिकटले आहेत. म्हणजे १२० हर्ट्झच्या आसपास ही खोली घुमणार, आणि हा पट्टा पुरुषी आवाजाच्या खालच्या अंगाचा आहे. अजून एकही वस्तू विकत घेतलेली नाही, तरी दुखणं कुठे असणार ते कळलं. तिरप्या दिशांचेही अनुनाद असतात, पण हे तीन सरळ संच सगळ्यांत जोरकस.

खोली निवडायला वाव असेल तर चौरस खोली टाळा. लांबी-रुंदी-उंची तिन्ही सारखी असलेली तर नकोच, कारण तिथे सगळे अनुनाद एकाच सुरावर कोसळतात. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असणंही गैरसोयीचं. भिंती कशाच्या आहेत याचाही परिणाम होतो. चौकटीवर ठोकलेल्या हलक्या जिप्सम बोर्डाच्या भिंती खर्जाबरोबर थोड्या हलतात आणि तो काही प्रमाणात गिळतात. विटांची किंवा काँक्रीटची भिंत जवळजवळ सगळा खर्ज परत करते. तिच्यामुळे शेजाऱ्यांना त्रास कमी होतो, पण आतला घुमा वाढतो.

साधारण २०० हर्ट्झ ही आपल्या खोलीची सीमारेषा समजा. तिच्या खाली खोली बोलते, तिच्या वर स्पीकर बोलतो. खोली मोठी असेल तर ही रेषा खाली सरकते, लहान असेल तर वर.

२. शांतता

पंखा, एसी, फ्रिजची घरघर, रस्त्याचा आवाज: हे सगळं गाण्यातल्या हळुवार जागांवर बसतं. रात्री खोलीत पाच मिनिटं काहीही न लावता बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहून काढा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी उपाय दाराच्या फटी बुजवणं हा आहे. दाराखालच्या बोटभर फटीतून जेवढा आवाज आत येतो, त्यापुढे भिंतीची जाडी निरुपयोगी ठरते. चौकटीला रबरी पट्टी लावा, उंबऱ्याशी खाली बसणारी पट्टी लावा, पोकळ दार असेल तर भरीव दार बसवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोम किंवा गादीसारखी पॅनल भिंतीवर लावल्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर ढोबळमानाने ६ डेसिबलचा फरक पडतो. पॅनल खोलीतला आवाज सुधारतात, शेजाऱ्याची झोप वाचवत नाहीत. ती दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्हींसाठी लागणारं सामानही वेगळं.

३. आधी खुर्ची

अनुनादाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि पहिल्या अनुनादाचा खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून पाठ भिंतीला टेकवून बसलात तर खर्ज फुगलेला आणि चिखलासारखा ऐकू येईल, मध्यावर बसलात तर ४० हर्ट्झचा सूर हरवेल. बहुतेक खोल्यांत सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत वाईट जागा. सोफा हलवता येत नसेल तर निदान डोक्यामागच्या भिंतीवर १० सेंटिमीटर जाडीचं पॅनल हवंच.

सुरुवातीसाठी एक जुना ठोकताळा चांगला आहे: खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान यावेत. आपल्या खोलीत मागच्या भिंतीपासून १.६३ मीटर. रुंदीच्या दिशेने मात्र बरोबर मध्यावर बसा, कारण डाव्या-उजव्या बाजू सारख्या राहिल्या तरच गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहतो. ३८ टक्के ही फक्त सुरुवात. पुढे-मागे अर्ध्या मीटरच्या टापूत दहा-दहा सेंटिमीटरने खुर्ची सरकवून ऐका. खर्जाची चाल असलेली एखादी ओळखीची रचना लावा, जिच्यात सूर पायरीपायरीने खाली उतरतात. ज्या जागी एकही पायरी दणकत नाही आणि एकही गायब होत नाही ती तुमची जागा. जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा.

स्पीकर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवा, म्हणजे बाजूच्या भिंती जवळ आल्या तरी मागची भिंत लांब राहील. खोली खूपच रुंद असेल तरच उलटा विचार करा.

४. स्पीकरची जागा

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. आपल्या खोलीत कान समोरच्या भिंतीपासून २.६७ मीटरवर आहेत. स्पीकरचं तोंड त्या भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर ठेवलं तर उरतात १.९७ मीटर, आणि त्रिकोणाची बाजू येते सुमारे २.२७ मीटर. ३.४ मीटरच्या रुंदीत दोन्ही बाजूंना ५६-५७ सेंटिमीटर जागा राहते. बसतं. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर यावा, साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर. बुकशेल्फ प्रकारच्या स्पीकरना त्यासाठी भक्कम स्टँड लागतो. बुकशेल्फ हे नाव असलं तरी ते पुस्तकांच्या कपाटात कोंबू नका.

स्पीकरमागच्या भिंतीचा एक त्रासदायक गुण आहे. खर्ज स्पीकरच्या सगळ्या बाजूंनी पसरतो, मागे जाऊन भिंतीवरून परत येतो, आणि एका ठरावीक सुरावर पुढे जाणाऱ्या आवाजाला नेमका काटतो. तो सूर काढायला ८६ ला मीटरमधल्या अंतराने भागा. भिंतीपासून १ मीटरवर ८६ हर्ट्झ, ७० सेंटिमीटरवर १२३ हर्ट्झ. बाजूच्या भिंतीचं आणि जमिनीचंही हेच. तिन्ही अंतरं सारखी असतील तर तिन्ही खड्डे एकाच ठिकाणी पडतात, म्हणून वूफरचं (खर्ज वाजवणाऱ्या भागाचं) स्पीकरमागच्या भिंतीपासूनचं, बाजूच्या भिंतीपासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर जाणूनबुजून वेगवेगळं ठेवा. स्पीकर भिंतीला अगदी चिकटवले तर हा खड्डा वरच्या सुरांत जातो, तिथे स्पीकर मागे फारसा आवाज फेकत नाही, त्यामुळे तो सौम्य होतो. मात्र खर्जाचं वजन वाढतं आणि ते ईक्यूने (ठरावीक सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) उतरवावं लागतं. लहान खोलीत हा मार्ग मला दीड मीटर पुढे आणलेल्या स्पीकरपेक्षा जास्त व्यवहार्य वाटतो.

स्पीकर तुमच्याकडे किती वळवायचे? आधी थेट कानाकडे रोखा. मग थोडे थोडे बाहेर उघडत जा. गायिकेचा आवाज मध्यभागी टोकदार राहील पण ट्वीटर बोचणार नाही, असा एक कोन सापडतो. दोन्ही स्पीकर सारखेच वळले आहेत की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका, टेपने मोजा. खुर्चीपासून दोन्ही ट्वीटरचं अंतर सेंटिमीटरपर्यंत जुळायला हवं.

५. आता स्पीकर निवडा

जागा ठरली की निवड बरीच सोपी होते. चाळीस-एक घनमीटरच्या खोलीला पाच ते साडेसहा इंची वूफरचा चांगला दुमार्गी (एक वूफर, एक ट्वीटर असा) स्पीकर पुरतो. मोठे उभे स्पीकर घेतले तर ३० हर्ट्झपर्यंतचा खर्ज अशा जागी जन्म घेतो जी तुम्ही स्टिरिओ चित्रासाठी निवडली आहे, खर्जासाठी नाही. लहान स्पीकर आणि वेगळा सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर) घेतला तर दोघांना आपापली योग्य जागा देता येते.

बंद पेटीचे आणि छिद्राचे असे दोन प्रकार असतात. छिद्राची पेटी खाली एका मर्यादेपर्यंत जोर देते आणि त्याखाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते. बंद पेटी आधीपासून उतरू लागते, पण १२ डेसिबलच्या सावकाश उताराने. लहान बंदिस्त खोली अगदी खालच्या सुरांना आपणहून उचलून धरते, आणि बंद पेटीच्या उताराशी ते चांगलं जुळतं. छिद्राचा स्पीकर भिंतीजवळ फार घुमत असेल तर छिद्रात फोमचा बोळा घालून पाहा. बरेच उत्पादक तो सोबत देतात.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्पीकरचा आवाज बाजूंना कसा पसरतो ते. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत, तसंच शॉन ऑलिव्ह यांनी हार्मनमध्ये, पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकणाऱ्यांची पसंती तपासली. निष्कर्ष सुसंगत निघाले: समोरून सपाट आणि बाजूंनी एकसारखा, गुळगुळीत उतरत जाणारा प्रतिसाद असलेले स्पीकर बहुसंख्य लोकांना आवडतात. कारण खोलीत तुम्ही समोरचा आवाज ऐकताच, शिवाय बाजूने निघून भिंतीवरून आलेलाही ऐकता. म्हणून स्पीकर घेण्याआधी त्याचे ३० आणि ६० अंशांवरचे आलेख शोधा. समोरची रेघ सपाट पण ६० अंशांवरच्या रेघेत २,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये टेकाड असेल, तर तो स्पीकर तुमच्या भिंतींवरून बोचणार.

दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज मोजून सारखा करा. एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. या एका गोष्टीमुळे चुकीचे निर्णय सर्रास होतात.

पडताळणीला काय लावावं? ओळखीचा बोलण्याचा आवाज, कारण माणसाच्या आवाजातली खोट कानाला लगेच कळते. तानपुरा: खालच्या तारेचा सूर आणि त्यातून वर उमलणारे स्वर दोन्ही सुटे ऐकू यायला हवेत. डग्ग्याची मींड: ती घसरत जाताना मध्येच फुगली तर तो स्पीकरचा किंवा खोलीचा अनुनाद.

६. सबवूफर

सबवूफर शोभेसाठी कोपऱ्यात ढकलू नका. तो काही वेळ तुमच्या खुर्चीवर ठेवा, खर्जाची चालती रचना लावा आणि कान जमिनीलगत आणून भिंतींच्या कडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवा. ऐकणारा आणि आवाज करणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, त्यामुळे ही युक्ती खरोखर चालते. दोन सबवूफर परवडत असतील तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम घ्या. समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर दुसरा ठेवला तर लांबीच्या पहिल्या अनुनादाला दोघे विरुद्ध बाजूंनी ढकलतात आणि तो विझतो. मुख्य स्पीकरशी सांधा ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. फेज (सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायची कळ) असा लावा की सांध्याचा सूर खुर्चीवर सर्वांत भरीव येईल.

७. भिंतींचं काम

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. मागे धातूसारखी कर्र अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. दोहोंपैकी एका भिंतीवर काहीतरी मऊ किंवा उंचसखल आलं की ती थांबते.

किती शोषक लागेल याचा हिशेब शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानाचं दालन इतकं घुमायचं की तिथे बोललेलं कळत नसे. १८९५ पासून वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी रात्रीच्या शांततेत, जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून सूत्र निघालं: खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा, म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद मिळतात.

आपल्या खोलीचं घनफळ ४१ घनमीटर. घरी गाणं ऐकायला ०.३ ते ०.५ सेकंद चांगले. ०.४ धरले तर सुमारे १६.५ चौरस मीटर पूर्ण शोषण लागतं. प्लॅस्टर आणि फरशीची रिकामी खोली जेमतेम ३ चौरस मीटर देते, म्हणजे तिथे आवाज दोन सेकंदांहून अधिक रेंगाळतो. सोफा, जाड गालिचा, चुण्यांचा जड पडदा आणि माणसं मिळून आणखी पाच-सहा. उरलेल्या सात-आठ चौरस मीटरसाठी १२० बाय ६० सेंटिमीटरची दहा-अकरा पॅनल. त्याहून जास्त लागत नाहीत, आणि भिंत न भिंत मढवली तर खोली मेल्यासारखी होते.

पॅनलची जाडी हा इथला कळीचा मुद्दा. सच्छिद्र शोषक हवेच्या हालचालीला घर्षण देऊन काम करतो, आणि भिंतीलगत हवा हलतच नाही. ती सर्वाधिक हलते भिंतीपासून पाव लाटेच्या अंतरावर. त्यामुळे अडीच सेंटिमीटरचा फोम फक्त वरचे सूर खातो. असा फोम भिंतभर लावला की झळाळी जाते, घुमा तसाच राहतो, आणि खोली कोंदट वाटू लागते. अंड्यांच्या कागदी ट्रेंनी तर तेवढंही होत नाही. १० सेंटिमीटर जाडीचं पॅनल भिंतीपासून आणखी १० सेंटिमीटर पुढे टांगलं तर ते २०० हर्ट्झच्या आसपासही उपयोगी पडतं. मागची पोकळी फुकट मिळते. ती सोडू नका.

पॅनल घरी बनवता येतात. लाकडी चौकट, आत घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेची रॉकवूल किंवा ग्लासवूल, वरून कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. श्वास सहज आरपार गेला तर ते चालेल, अडला तर वरचे सूर परत फेकले जातील. वूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, मागूनही कापड लावा. स्वस्त पॉलीयुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. राहत्या घरात तो मी सुचवणार नाही.

कुठे लावायची? पहिल्या परावर्तनाच्या जागा आरशाने शोधा. तुम्ही खुर्चीवर बसा, दुसऱ्याला ट्वीटरच्या उंचीवर बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल तिथे खूण करा. दोन्ही भिंती झाल्या की छतावर हेच करा. आपल्या खोलीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे ७० सेंटिमीटर जास्त चालतो, म्हणजे २ मिलिसेकंद मागून येतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवलं की इतक्या लवकर आलेलं परावर्तन कान वेगळं ऐकत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. ते मिसळणं नेहमी वाईट नसतं: स्पीकरचा बाजूचा प्रतिसाद चांगला असेल आणि भिंत दूर असेल तर आवाजाचा विस्तार सुखद होतो. पण भिंत साठ सेंटिमीटरवर असेल तर मी तिथे पॅनल लावेन. पाच-साडेपाच मीटर रुंदीच्या खोलीत ती भिंत मोकळी ठेवून आधी ऐकेन.

खर्जासाठी कोपरे. सगळ्या अनुनादांचा दाब कोपऱ्यांत एकवटतो, त्यामुळे जमिनीपासून छतापर्यंत कोपऱ्यात तिरकं उभं केलेलं ६० सेंटिमीटर रुंदीचं पॅनल दोन भिंतींच्या अनुनादांवर एकदम काम करतं. त्यामागची त्रिकोणी जागा पूर्ण भरली तर अधिक चांगलं. इतक्या जाड भरावासाठी मात्र हलकी, मऊ वूल वापरा, दाट वूलमध्ये लाट आत शिरतच नाही. दहापैकी चार पॅनल कोपऱ्यांना द्या. तरीही ४० हर्ट्झवर त्यांचा परिणाम थोडाच राहील, तिथे सबवूफरची जागा आणि ईक्यू कामी येतात.

खुर्चीमागच्या भिंतीवर आवाज सगळीकडे विखुरणारे विसरक लावता येतात. मानफ्रेड श्रोडर यांनी १९७५ मध्ये संख्या-सिद्धांताच्या आधारे कमी-जास्त खोल खाचांचा विसरक मांडला, आजचे बहुतेक त्याच घराण्यातले. डोकं भिंतीपासून किमान मीटर-दीड मीटर लांब असेल तरच ते लावावेत. पुस्तकं पुढे-मागे लावलेलं उघडं कपाटही बरंचसं हेच काम करतं.

८. अँप्लिफायर, डॅक आणि टर्नटेबल

वॅट किती हवेत याचं उत्तर स्पीकरच्या संवेदनशीलतेत आहे. समजा ती ८६ डेसिबल आहे, म्हणजे ८ ओमच्या स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६. २.२७ मीटरवर येईपर्यंत सातेक डेसिबल घटतात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन वाढतात, खोली एक-दोन भर घालते. खुर्चीवर ८४ च्या आसपास. निवांत ऐकताना सरासरी ७५ ते ८० डेसिबल पुष्कळ झाले, पण उसळी १५-२० ने वर जाते. १०० डेसिबलच्या उसळीला ४० वॅट लागतील. म्हणून ५० ते १०० वॅटचा अँप्लिफायर बस्स. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० वॅटसाठी जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. स्पीकर ४ ओमचा असेल तर अँप्लिफायर ४ ओमला मान्यता देतो का ते पाहा. अंगभूत अँप्लिफायरचे अॅक्टिव्ह स्पीकर घेतले तर हा सगळा हिशेब उत्पादकाने केलेला असतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवतो.

सीडी १९८२ मध्ये आली तेव्हाच १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप ठरलं होतं. त्यातून ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. खोलीची स्वतःची कुजबुज ३० डेसिबल असताना तो पुरून उरतो. साधा, नीट मोजला गेलेला डॅक पुरे. केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची; पाच मीटरपर्यंत तिचा रोध ओमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी राहतो.

रेकॉर्ड ऐकत असाल तर मामला वेगळा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या, तिच्या हालचालीची वीज करणाऱ्या भागातून) जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, आणि रेकॉर्डवर खर्ज दाबून, वरचे सूर उचलून कोरलेले असतात. हा वक्र १९५४ पासून प्रमाणित आहे. फोनो प्रीअँप तो उलटा करतो, त्यामुळे तो हवाच. टर्नटेबल कोपऱ्यात किंवा स्पीकरच्या स्टँडजवळ ठेवू नका: तिथला खर्ज सुईत शिरतो आणि पुन्हा स्पीकरमधून निघतो. भिंतीला ठोकलेली भक्कम फळी उत्तम. स्पिरिट लेव्हलने तबकडी समतल करा, आणि सुईचं वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं असेल तेवढंच, छोट्या काट्यावर मोजून लावा.

९. माईक लावा

यूएसबी मापन-माईक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. माईक खुर्चीवर, कानाच्या उंचीवर. त्याची कॅलिब्रेशन फाईल (त्या माईकची स्वतःची चूक दुरुस्त करणारी) भरायला विसरू नका. डावा, उजवा आणि दोन्ही मिळून अशी तीन मापं घ्या. २०० हर्ट्झखालचा आलेख गुळगुळीत न करता पाहा. सोबत वॉटरफॉल आलेखही पाहा, म्हणजे कोणता सूर किती वेळ रेंगाळतो ते दिसेल. सुरुवातीला काढलेले ४०, ६१ आणि १२० हे आकडे इथे टेकाडांच्या रूपात दिसले तर कागदावरचं गणित बरोबर होतं.

टेकाडं ईक्यूने खाली आणा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लाटांनी एकमेकींना काटणं. तिथे जास्त आवाज ओतला तर काटणारी लाटही तेवढीच वाढते. १० डेसिबल उचलायला दहापट ताकद लागते, तीही वाया जाते. खड्ड्याला उपाय जागा बदलण्याचा: खुर्ची, स्पीकर किंवा सबवूफर वीस सेंटिमीटर सरकवा आणि पुन्हा मोजा. २०० ते ३०० हर्ट्झच्या वर ईक्यूला फारसा हात लावू नका. खुर्चीवरचा आलेख खर्जाकडून वरच्या सुरांकडे हलकासा उतरता असणं हे चांगल्या स्पीकरचं चांगल्या खोलीतलं स्वाभाविक रूप आहे; तो ओढूनताणून सपाट केला की आवाज चिरका होतो.

याच सॉफ्टवेअरमधून २० ते २०० हर्ट्झचा सूर अगदी सावकाश वर चढवत वाजवा आणि खोलीत फिरा. कुठे काच किणकिणते, कुठे कपाटाचं दार थरथरतं, एखाद्या सुराला स्विचबोर्डाची पट्टी कर्र करते. ज्या सुराला आवाज आला तो थांबवून धरा, वस्तूवर हात ठेवा, थरथर थांबली तर तीच. फेल्टचा तुकडा किंवा एक स्क्रू एवढ्यावर बहुतेक प्रश्न मिटतात, आणि वर्षानुवर्षं स्पीकरची म्हणून समजलेली घरघर कित्येकदा इथेच सापडते.

मापं घेताना आणि पुढे ऐकताना आवाजाची एक पातळी ठरवून घ्या. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज हळू केला की कानाला खर्ज अधिकच कमी वाटतो. म्हणून रात्री हळू आवाजात ऐकणार असाल तर त्यासाठी दोन-तीन डेसिबल जास्त खर्जाची वेगळी ईक्यू साठवून ठेवा. वरची मर्यादाही पाळा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा.

बदल करताना एका वेळी एकच करा, प्रत्येक मापाच्या फाईलला तारीख आणि काय हलवलं ते नाव द्या. नवा सोफा आला, पडदा काढला, कपाट रिकामं झालं की तीन मापं पुन्हा घ्या, आणि आधी चिकटपट्टीच्या खुणांवर खुर्ची आणि स्पीकर आहेत ना ते पाहा. साफसफाईत ते दोन-चार सेंटिमीटर सरकलेले असतातच.